आप्पांच्या पायाची उघडी जखम आणि रोजचं ड्रेसिंग: बीटाडीन, युसॉल की नुसतं सलाइन?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा, वय ६६. चौदा वर्षांपासून साखर आहे. गेल्या महिन्यात उसाचं पाचट ओढताना उजव्या घोट्याच्या वर चिरलं. एवढीशी चीर. रक्तही धड आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, लाल झाला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि गरम पाण्याने शेकायला सांगितलं. दोन दिवस त्यात गेले. पाय जेवढा वाईट दिसत होता त्याच्या कितीतरी पट दुखत होता. बैलाने शिंग मारलं तेव्हा हूं की चूं न केलेला माणूस रात्रभर कण्हत होता. पाचव्या दिवशी सकाळी पोटरीवर जांभळे फोड दिसले आणि आप्पा असंबद्ध बोलायला लागले. तेव्हा शहरात नेलं. रात्री अकराला भरती, एक वाजता ऑपरेशन.

सर्जननी सांगितलं, स्नायूवर जे पांढरं आवरण असतं ते कुजत वर चढतंय, नेक्रोटायझिंग फॅसायटिस. कापून काढलं नाही तर पाय जाईल, माणूसही जाईल. दुसऱ्या दिवशी परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, चौथ्या दिवशी परत. आता घोट्यापासून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत उघडी जखम आहे. मी शाळेच्या पट्टीने मोजली, २८ सेंटीमीटर लांब आणि ११ रुंद.

एकोणीस दिवसांनी घरी आलोय. रोज एक ब्रदर ड्रेसिंगला येतात. माझा गोंधळ असा, की आधी युसॉल होतं, दिवसातून दोनदा. मग बीटाडीन. मग एके दिवशी सर्जन राउंडला आले आणि म्हणाले बीटाडीन बंद, नुसतं सलाइन. कारण फाइलमध्ये लिहिलेलं नाही आणि त्या गडबडीत मी विचारलं नाही. आता दोन दिवस झाले, गॉझवर हिरवट डाग दिसतोय. काका म्हणतात हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस आला की घाण वर येते. मावशीने हळद-तूप पाठवलंय. मेडिकलवाला चांदीचं जेल घ्या म्हणतो.

नुसत्या मिठाच्या पाण्याने एवढी जखम भरते का? की आम्हाला गरीब समजून स्वस्तातलं दिलं?

गोरखचिंच

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं, जांघेत. त्याला फोर्नियर म्हणाले, म्हणजे हाच आजार, गुप्तांगाच्या भागातला. भाऊ वाचला. आमच्याकडे मात्र पेरॉक्साइड, मग बीटाडीन, मग सलाइन, असं तिन्ही एकापाठोपाठ ओतायचे. त्यामुळे मलाही जाणून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

निवृत्त शल्यक

३१ वर्षं सरकारी रुग्णालयांत जनरल सर्जरी केली. आप्पांना न बघता उपचार सांगणार नाही, पण त्यामागचा विचार सांगू शकतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो तुम्हाला जास्त टोचतोय. सलाइन दिलं म्हणजे गरीब समजून दिलं, असं नाही. उलट जखम सुधारल्याची ती खूण असू शकते.

या आजारात जंतुसंसर्ग चाकूने काढतात. आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजलेल्या असतात. रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही, आणि वरून ओतलेलं औषध तर मिलिमीटरभरही खोल जात नाही. म्हणून मेलेलं सगळं कापायचं, २४ तासांनी परत उघडून बघायचं, उरलेलं परत कापायचं. तुमच्या सर्जननी तीनदा नेलं ते बरोबर केलं. त्या तीन रात्रींनी आप्पा वाचले आहेत. बाटलीत काय होतं हा त्यानंतरचा प्रश्न.

आता बाटल्या. युसॉल म्हणजे चुन्याच्या क्लोरीनयुक्त भुकटीचं आणि बोरिक ॲसिडचं पाणी, एडिंबरा विद्यापीठात १९१५ मध्ये तयार झालेलं. त्याच वर्षी हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण ०.५ टक्क्याचं द्रावण केलं आणि अलेक्सिस कॅरेल या सर्जनने ते फ्रान्समध्ये काँपिएन्यच्या लष्करी रुग्णालयात वापरलं. पहिल्या महायुद्धाचे खंदक शेणखत घातलेल्या शेतांतून खणलेले होते. गोळी लागली की त्या मातीसकट कपड्याची चिंधी आत जायची आणि पाय सडायचा. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. कॅरेल मेलेलं मांस कापून काढायचे, जखमेत रबराच्या बारीक नळ्या ठेवायचे आणि दर दोन तासांनी त्यातून ताजं द्रावण सोडायचे. दर दोन तासांनी, कारण पू आणि रक्त लागलं की क्लोरीनचा जोर थोड्या वेळात संपतो. आपण सकाळी युसॉलचा गॉझ ठेवतो आणि रात्रीपर्यंत ते काम करतंय असं समजतो, ते खरं नाही. तरी सुरुवातीच्या दिवसांत, पिवळा-करडा मेलेला थर उरलेला असताना, तो सैल करायला ही क्लोरीनची द्रावणं, म्हणजे हायपोक्लोराइट, उपयोगी पडतात, वासही कमी होतो. म्हणून तुमच्याकडे आधी युसॉल.

बीटाडीन म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. १० टक्क्यांच्या बाटलीत वापरात येणारं आयोडीन सुमारे १ टक्का असतं. जंतू बरेच मारतं, जंतू त्याला सहसा सरावत नाहीत. पण १९८५ मध्ये प्रयोगशाळेत केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की १ टक्का पोव्हिडोन आयोडीन, ३ टक्के पेरॉक्साइड, ०.५ टक्के हायपोक्लोराइट आणि पाव टक्का ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) ही चारही द्रावणं नवी ऊती विणणाऱ्या पेशींनाही मारतात. आयोडीन आणि हायपोक्लोराइट कितीतरी पट पातळ केल्यावरच त्या पेशी तगल्या. प्रयोगशाळेतली बशी म्हणजे माणसाचा पाय नव्हे, हे मान्य. पण जखम लाल, दाणेदार झाली, म्हणजे मांसांकुर आले, की तिथे रोज जंतुनाशक ओतायला मला तरी हात धजत नाही.

आप्पांचं बीटाडीन बंद करण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. ३०० चौरस सेंटीमीटरच्या आसपासच्या उघड्या जखमेतून आयोडीन रक्तात शोषलं जातं. किडनी अधू असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर ते साठतं. फाइलमध्ये क्रिएटिनिनचा आकडा बघा, किडनी अधू असली की तो वाढतो.

पेरॉक्साइडबद्दल काकांना माझा नमस्कार सांगा आणि बाटली काढून घ्या. तो फेस म्हणजे रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज या एन्झाइममुळे सुटलेला प्राणवायू. घाण वर येताना दिसते, पण जंतू त्या मानाने थोडेच मरतात. आणि खोल कप्प्यात ओतलं तर तो वायू रक्तात शिरू शकतो. त्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. गोरखचिंच, तुमच्या भावाच्या वेळी ती पद्धत सर्रास होती, मीसुद्धा तरुणपणी ओतलंय. आता ओतत नाही.

हिरवा डाग: हे मात्र उद्यावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुधा स्युडोमोनास हा जंतू असेल. त्याला १ टक्क्याच्या आसपासचं ॲसेटिक ॲसिड काही दिवस वापरतात, मग थांबवतात. लातूरच्या एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालयातले नागोबा आणि सहकारी यांनी चिवट जखमांवर ३ टक्के सायट्रिक ॲसिडचं बरंच काम प्रसिद्ध केलंय, तेही याच जातीचं. पण स्वयंपाकघरातलं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं, ते ओतायचं नाही. आणि युसॉलच्या ओल्या गॉझवर तर कोणतंही आम्ल कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

कृष्णाकाठची

डॉक्टर, मनापासून आभार. फाइल काढली. भरतीच्या दिवशी क्रिएटिनिन २.३, घरी सोडताना १.६. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच. हे एक वाक्य कोणी त्या दिवशी सांगितलं असतं तर गेले आठ दिवस मी मनात त्या सर्जनबद्दल वाईट विचार करत बसले नसते.

उद्या दाखवायला नेतोय.

माई सिस्टर

ताई, मी सर्जिकल वॉर्डात २७ वर्षं काढली. औषधाचं डॉक्टरांनी सांगितलं, मी हाताचं सांगते. जखमेचं बरंच भलंबुरं गॉझ काढताना होतं.

तुमचे ब्रदर कोरडा चिकटलेला गॉझ ओढून काढतात का? तसं असेल तर उद्यापासून थांबवा. सलाइनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून जरा कोमट करा, गॉझवर ओता आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. मग एका कडेने, जखमेला समांतर, हळूहळू सोडवा. सरळ वर ओढायचं नाही. ओढला की गॉझच्या जाळीत काल रात्री आलेले कोवळे दाणे अडकून निघतात, जखमेत रक्ताचे टिपके दिसतात, आणि आपण म्हणतो बघा किती लाल आहे. ते लाल वेगळं, हे लाल वेगळं. निरोगी जखम डाळिंबाच्या दाण्यांसारखी ओलसर लाल दिसते आणि हात लावला की लगेच भळभळत नाही.

दुखण्याची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी द्या. ड्रेसिंग झाल्यावर देऊन काय उपयोग?

कप्पा असेल तर आत गॉझ ठासायचा नाही, सैल पसरायचा. आणि मोजून ठेवा. आत चार ठेवले तर चारच निघाले पाहिजेत. शक्यतो एकच लांब पट्टी ठेवा, टोक बाहेर दिसू द्या. आत विसरलेल्या गॉझच्या तुकड्यामुळे महिनाभर न भरलेली जखम मी स्वतः बघितलेय. तो तुकडा निघाला तेव्हाचा वास मला आजही आठवतो.

बीटाडीनच्या दोन बाटल्या मिळतात, सोल्यूशन आणि स्क्रब. स्क्रबमध्ये साबण असतो, तो आमचे हात धुवायला. उघड्या जखमेत स्क्रब कधीच नाही. रंग सारखाच असल्यामुळे घरी हमखास चुकतं.

सलाइनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख-वेळ पेनने लिहा, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. बाटलीचं तोंड जखमेला किंवा गॉझला लागू देऊ नका. हिरव्या डागाचा गॉझ उघडा टाकू नका, अंगणात जाळू नका. पिशवीत बांधून ब्रदरकडे द्या, दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीत जाईल.

रोज एकाच जागी, खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, दहा दिवसांचे फोटो एकत्र बघितले की कळतो.

रानवाट

माई, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. प्रिंट काढून घेतलं.

मधाबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या आजोळी जखमेवर मध लावायचे. आणि सोलापूरच्या एका सर्जनचा मधावर अभ्यास होता असं वाचल्याचं आठवतंय.

निवृत्त शल्यक

बरोबर आठवतंय तुम्हाला. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचं मलम यांची तुलना केली होती, १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आली. जगभर तिचा उल्लेख होतो आणि ती आपल्या सोलापुरातून झाली याचा मला अभिमान आहे. मधातली साखर पाणी ओढून घेते, तो आम्लधर्मी असतो, जंतूंना वाढू देत नाही. पण ती जखम वेगळी आणि आप्पांची वेगळी. त्यातून घरचा मध निर्जंतुक नसतो, त्यात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मिळतो. बरणीतला नाही वापरायचा.

हळदीचं तेच. वर हळदीने सगळं पिवळं झालं की खालची जखम पिवळी आहे की लाल, हे मला किंवा कोणालाच दिसत नाही. या आजारात जखमेचा रंग रोज दिसायला हवा. मावशींना सांगा, हळद दुधातून द्या.

रुग्णाला प्रथिनं द्या. एवढ्या जखमेतून रोज बरंच प्रथिन पाझरून जातं. खात असतील तर अंडी, नाहीतर डाळ, ताक, पनीर. फक्त किडनीचा आकडा वर असल्यामुळे किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि साखर आटोक्यात नसेल तर कोणतीही बाटली कामाची नाही.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये मी कम्युनिटी नर्सिंगमध्ये आहे, घरोघरी जाऊन जखमा बघतो. युसॉल मी इथे कधीच पाहिलं नाही, वापरातून गेलं ते. मोठ्या जखमांना इथे व्हॅक लावतात, म्हणजे जखमेत स्पंज, वर हवाबंद फिल्म आणि पंपाने साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब. दोन-तीन दिवसांनी बदलायचं. पाझर ओढला जातो, रोज उघडायची वेदना वाचते. कृष्णाकाठची ताई, तुमच्याकडे विचारलं का कोणी?

गोरखचिंच

भावाला लावलं होतं. बिल बघून आईने गळ्यातलं मोडलं. लवकर बरा झाला असं तेव्हा वाटलं, पण खरंच त्यामुळे झाला का, हे मला आजही माहीत नाही. आणि मला एक कळत नाही, शंभर वर्षं झाली तरी कोणती बाटली सगळ्यात चांगली हे कोणी नक्की का सांगत नाही?

निवृत्त शल्यक

तुमचा प्रश्न रास्त आहे. २०१८ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने या आजारावरच्या सगळ्या नीट केलेल्या चाचण्या गोळा केल्या. जगभरातून मिळाल्या ३, एकूण रुग्ण १९७. तिन्ही चाचण्या शिरेतून द्यायच्या औषधांच्या, ड्रेसिंगची एकही नाही. कारणही समजण्यासारखं आहे. रुग्ण मध्यरात्री येतो, शुद्धीत नसतो, प्रत्येकाची जखम निराळी. अशा वेळी संमती घेऊन, चिठ्ठी टाकून, तुला युसॉल आणि तुला आयोडीन असं करणं फार अवघड.

व्हॅकचं म्हणाल तर मी सरकारी रुग्णालयात स्पंज, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) आणि भिंतीतलं सक्शन वापरून ते लावलंय. मोठ्या, पाझरणाऱ्या जखमेत नर्सचे आणि रुग्णाचे हाल कमी होतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधलीच मोठी चाचणी आली. ऑपरेशननंतर उघड्या ठेवलेल्या जखमा व्हॅकने लवकर भरतात असं त्यात दिसलं नाही. त्यातल्या बहुतेक जखमा मधुमेही पायाच्या होत्या, अगदी आप्पांसारख्या नव्हत्या. तरी दागिने मोडून लावण्याची गोष्ट ती नक्कीच नाही. आणि आत मेलेला भाग शिल्लक असताना वर फिल्म चिकटवणं धोक्याचं, आत काय चाललंय ते दिसत नाही.

चांदीच्या जेलचंही असंच. जंतू मारतं, महाग असतं. गरज आहे का हे जखम बघणारा ठरवेल, दुकानदार नाही.

माझा स्वतःचा क्रम सांगतो. मेलेला थर असेपर्यंत हायपोक्लोराइट किंवा पातळ आयोडीन, तेही मोजके दिवस. साफ झाली की सलाइन आणि न चिकटणारी जाळी. हिरवं दिसलं तर परत चार-पाच दिवस आम्ल. लाल झाली की ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून तिथे लावायची. आणि रोज जखम उघडून बघणारे डोळे त्याच माणसाचे असावेत.

लीड्सकर

धन्यवाद डॉक्टर. ती चाचणी वाचून आमच्याकडेही चर्चा झाली. पूर्ण सहमत.

माई सिस्टर

एक राहिलं. घरी असताना या गोष्टी दिसल्या तर ड्रेसिंगची वेळ होईपर्यंत थांबू नका, रात्र असली तरी निघा: लाली पेनाने आखलेल्या रेघेबाहेर गेली, नवे फोड आले, कडेची त्वचा बधिर किंवा काळपट झाली, दाबल्यावर कुरकुर वाजलं, ताप किंवा गुंगी आली, लघवी कमी झाली. आप्पांच्या पायावर कडेने पेनाची रेघ आजच मारून ठेवा.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांना सांगायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी नेलं. स्युडोमोनासच होता. एका कोपऱ्यात, घोट्याच्या मागे, स्नायूबंधावर चिकटलेला पिवळा थर होता, तो तिथेच भूल न देता थोडा कापला. १ टक्का ॲसेटिक ॲसिडचा ओला गॉझ पाच दिवस, फार्मसीतून तयार करून दिला. सहाव्या दिवशी गॉझ पांढरा निघाला. परत सलाइन. मी सर्जनना बीटाडीनचं विचारलं. त्यांनी क्रिएटिनिनचंच कारण सांगितलं आणि माझ्यासमोर फाइलमध्ये लिहिलं.

ब्रदरना मी माईंचा प्रिंट दिला. जरा नाराज झाले, पण दहा मिनिटं थांबायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांनी ड्रेसिंगच्या वेळी खाटेचा पाया घट्ट धरला नाही. नुसते छताकडे बघत पडून होते. मी तेवढ्या वेळात हात धरून बसले होते, माझ्याच हाताला घाम आला.

मागच्या सोमवारी ग्राफ्ट झाली. मांडीची कातडी घेतली. ग्राफ्टच्या आधी ऊतीचा तुकडा तपासायला पाठवला होता, स्ट्रेप्टोकोकस हा जंतू असेल तर ग्राफ्ट टिकत नाही म्हणाले. नव्हता. पाचव्या दिवशी उघडलं. आधी माझी बघायची हिंमत होईना. सर्जन म्हणाले, या, बघा. जाळीदार कातडी, फिकट गुलाबी, मच्छरदाणीसारखी, आणि तिच्या भोकांतून खालचं लाल दिसत होतं. घोट्याच्या मागे दोन बोटांएवढी जागा धरली नाही, तिथे सलाइनचं ड्रेसिंग चालू ठेवायचंय.

आता मांडीच जास्त दुखते म्हणतात आप्पा. तिथला व्हॅसलीन गॉझ आपोआप सुटेपर्यंत काढायचा नाही असं सांगितलंय. डॉक्टर, त्यावर काही वेगळं लावतात का?

निवृत्त शल्यक

फार बरं वाटलं वाचून. मांडीची जखम वरवरची असते, मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात म्हणून ती जास्त झोंबते. दहा-चौदा दिवसांत खालून नवी कातडी येते आणि गॉझ सुटतो. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी याच जागेसाठी केळीच्या पानाचं निर्जंतुक ड्रेसिंग वापरलं होतं, २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पान चिकटत नाही, गारवा देतं, आणि जवळजवळ फुकट. तुमच्याकडे व्हॅसलीन गॉझ लावलाय, तोही चांगला. फक्त ओला झाला, वास आला किंवा कडेने लाली पसरली तर दाखवा.

माई सिस्टर

आप्पांना माझा नमस्कार. त्या दोन बोटांच्या जागेचा गॉझ भिजवूनच काढताय ना? आणि पाय खाली सोडून बसू देऊ नका, उशीवर ठेवा. चालायला सांगतील तेव्हा आधी क्रेप बँडेज बांधा, बोटांपासून वर, उठायच्या आधी.

कृष्णाकाठची

भिजवूनच, माई. घड्याळ लावून.